ड्युटीवरची चित्रं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधले सरदारजी हे छत्रपती संभाजीनगरातले सगळ्यात भित्रे गृहस्थ आहेत आणि त्यांचं घर हे या शहरातलं सगळ्यात शूर घर आहे. ही दोन्ही विधानं मी पूर्ण जबाबदारीनं करतो आहे. आमची दारं कित्येक वर्षं समोरासमोर आहेत आणि तितकीच वर्षं मी या माणसाचा मनापासून हेवा करत आलो आहे. हेवा करणाऱ्याइतकं बारीक लक्ष माणसाकडे दुसरं कुणी ठेवत नाही, अगदी बायकोसुद्धा नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल लिहायचा अधिकार माझ्याइतका कुणालाच पोचत नाही.

दिसायला म्हणाल तर गडी सहा फूट, दाढी छातीवर रुळणारी, आणि आवाज असा की खाली पार्किंगमध्ये ते हळू आवाजात काही गुपित बोलले तर गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बायकांना ते कळतं. पगडी बांधून जिन्यात उभे राहिले की कुरियरवाला आपोआप दोन पायऱ्या खाली सरकतो. त्यांचं ट्रॅक्टरच्या सीटा आणि हूड शिवून द्यायचं दुकान आहे. सिल्लोड, पिशोर, लासूर स्टेशन अशी कुठूनकुठून गिऱ्हाइकं त्यांच्याकडे येतात आणि ‘सरदारजीचा हूड वादळात उडत नाय’ असं सांगत परत जातात. मूळचे ते नांदेडचे. पिढ्यान् पिढ्या तिथंच गेल्या, त्यामुळे पंजाब त्यांनी माझ्याइतकाच पाहिला आहे, म्हणजे एकदा, रेल्वेच्या खिडकीतून. मराठी मात्र ते असं बोलतात की माझी शाळेतली मराठी त्यांच्यापुढं परीटघडीचे कपडे घालून अवघडल्यासारखी उभी राहते. आणि हाच सहाफुटी माणूस पाल दिसली की सोफ्यावर चढतो.

आता त्यांच्या घराबद्दल. दार उघडून आत गेलं की चारी भिंतींवर शौर्य आणि बलिदान. तळहातावर स्वतःचं शीर घेऊन लढणारे बाबाजी. भिंतीत चिणले जात असताना ताठ उभे असलेले दोन धाकटे साहिबजादे, म्हणजे गुरूंची लेकरं. रणातून पळून आलेल्यांना लाजवून पुन्हा रणात घेऊन जाणारी घोड्यावरची माई. काही चित्रांना सोनेरी चकाकी, काहींच्या चौकटीभोवती बारीक दिव्यांची माळ, आणि एक चित्र तर असं की डावीकडून पाहिलं तर तलवार म्यानात असते आणि उजवीकडून पाहिलं तर हातात. नांदेडला गेले की सरदारजी गुरुद्वाऱ्याबाहेरच्या दुकानांतून एकतरी चित्र घेऊनच परततात. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसतात आणि शेजारच्याला धक्का लागू देत नाहीत.

इथं माझा संबंध येतो. मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक. आयुष्यभर जलरंगात निसर्गचित्रं काढली. दौलताबादचा किल्ला मी सगळ्या बाजूंनी, सगळ्या ऋतूंत आणि सगळ्या प्रकाशांत रंगवला आहे. किल्ल्यालाच आता माझा कंटाळा आला असेल. ती चित्रं आमच्या दिवाणखान्यात लावलेली आहेत. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून ‘छान आहे, किती वेळ लागला?’ असं विचारतो आणि पोह्यांकडे वळतो. आणि समोरच्या घरात? तिथं माणसं चित्रासमोर गप्प उभी राहतात. आमची ही तर साहिबजाद्यांच्या चित्रासमोर उभी राहून चक्क रडली. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या एकाही चित्रापुढं तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. किल्ल्याच्या चित्रापुढं कुणी रडत नाही हे मलाही कळतं, पण त्या दिवशी मला ते कळून घ्यायचं नव्हतं.

मग मी चुका काढायला लागलो. माझा तो व्यवसायच होता. मी सरदारजींना दाखवलं की या घोड्याचे मागचे पाय चुकलेत, असा घोडा चार पावलंही चालणार नाही. या चित्रात सावल्या दोन दिशांना पडल्यात, म्हणजे आकाशात सूर्य दोन पाहिजेत. आणि हे रक्त की गुलाबाचं सरबत? सरदारजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, घोड्याकडे निरखून पाहिलं आणि म्हणाले, “पाय चुकले असतील, मास्तर. तुमचा अभ्यास हाय. पर बघा ना, मागं पळत नाय तो.” घरी आल्यावर मला सुचलं की चुकीच्या पायांनी त्याला मागंही पळता येणार नाही, पण तोवर उशीर झाला होता.

या चित्रांची खरी गंमत मला पुढं हळूहळू उमगली. सरदारजी चित्र शोभेसाठी लावत नाहीत, त्याला ड्युटी देतात. ज्या जागी त्यांना भीती वाटते, त्या जागी चित्र. एकदा मी सहज विचारलं की इतकी चित्रं घरात कशाला, ती गुरुद्वाऱ्यात शोभतील. तर ते म्हणाले, “तिथं कशाला? तिथं गुरुग्रंथसाहेब हायेत. तिथं कुणाला भेव वाटतंय? भेव घरात असतंय, मास्तर. म्हणून चित्रं घरात पायजे.” मग त्यांनी मला सगळं घर फिरवून एकेकाची नेमणूक समजावून सांगितली. फ्रिजच्या वर शीर तळहातावर घेतलेले बाबाजी, कारण फ्रिजमध्ये साखरेच्या आजाराचं इंजेक्शन असतं. “त्यांनी शीर हातावर घेतलं, अन् मी सुईला भितो. लाज वाटती, मंग टोचून घेतो.” टोचून घेतात हे खरं, पण त्या क्षणी ‘वाहेगुरू!’ अशी जी आरोळी उठते ती ऐकून आमच्या स्वयंपाकघरातली मांजर खिडकीतून बाहेर उडी टाकते. पालीच्या बंदोबस्ताला मोठ्या साहिबजाद्यांचं लढाईचं चित्र आहे. पुढं कळलं की पाल त्याच चित्राच्या मागं राहायला गेली आहे. मी म्हटलं, हाकला आता तिला. तर सरदारजी सोफ्यावरूनच म्हणाले, “त्यांच्या आसऱ्याला आलीय ती. मी कोण हाकलणारा?”

फक्त भाभीजींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या धाकापुढं कुठलं चित्र नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारावरची जागा मोकळी होती. मी खोडसाळपणे कारण विचारलं. आतून भाभीजींचा कान इकडेच आहे याची खात्री करून घेऊन ते म्हणाले, “इतकं मोठं शौर्य अजून कुणी चितारलं नाय, मास्तर.” आतून लाटणं आपटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हसण्याचाही.

लिफ्टची ते भयंकर धास्ती घेत. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, बटणांच्या वर, त्यांनी त्या घोड्यावरच्या माईचं एक छोटं स्टिकर चिकटवलं होतं. सेक्रेटरीनं आक्षेप घेतला तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, “राहू द्या साहेब, नाय तर मला रोज जिना चढावा लागंल.” ते राहिलं. एकदा आम्ही दोघंच लिफ्टमध्ये असताना वीज गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली. सरदारजींनी माझा हात गच्च धरला आणि मोबाइलच्या उजेडात माईकडे बघत मोठमोठ्यानं म्हणायला लागले, “भेव वाटतंय माई, लई भेव वाटतंय.” मी आपला ‘काही नाही हो, येईल आता वीज’ असं शिक्षकी आवाजात म्हणत होतो. माझा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. बाहेर आल्यावर ते दोन मिनिटांत मोकळे झाले आणि वॉचमनला हसत हसत सगळी हकीकत सांगायला लागले. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. भीती वाटते असं एवढ्या मोठ्यानं म्हणता येणं हीसुद्धा एक चैन आहे, आणि ती मला कधी परवडली नाही. हेव्याच्या माझ्या यादीत त्या दिवशी आणखी एक कलम वाढलं.

आमच्या हिनं मात्र एकदा त्यांच्या घरात मोठाच घोटाळा केला. दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या सगळ्या वस्तूंना हार घालायची पद्धत, अगदी शिलाई मशीनला आणि माझ्या रंगांच्या पेटीलासुद्धा. भाभीजी गुरुद्वाऱ्यात गेल्या होत्या आणि किल्ली आमच्याकडे होती. हिला वाटलं, एवढी शूर माणसं सणाच्या दिवशी बिनहाराची कशी राहतील? तिनं जाऊन प्रत्येक चित्राला झेंडूचा हार घातला आणि काचेवर हळदकुंकूही लावलं. संध्याकाळी सरदारजी आले, पाहिलं, आणि आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांनी हार हळूच उतरवले, दाराला तोरण केलं, एक स्कूटरला घातला आणि म्हणाले, “वहिनी, मन तुमचं मोठं हाय. पर हे देव नायत. आपल्यासारखीच माणसं, फक्त भ्याली नायत. हार घातला की आपण सुटलो. मंग आपल्याला कायबी करायला नको.” ही हे वाक्य पुढं महिनाभर येईल त्याला ऐकवत होती. मी वर्गात आयुष्यभर इतकी वाक्यं बोललो, त्यांतलं एकही तिला पाठ नाही.

डिसेंबरच्या अखेरीस, धाकट्या साहिबजाद्यांच्या बलिदानाच्या दिवसांत, सरदारजी जमिनीवर झोपतात. त्या लेकरांना त्यांच्या आजीसोबत ऐन थंडीत बुरुजात कोंडलं होतं, त्याची आठवण म्हणून. थंडीला हा माणूस पालीच्या खालोखाल भितो, पण त्या दिवसांत गादी नाही म्हणजे नाही. सकाळी ते गरम दुधाचं पातेलं घेऊन फाटकाशी उभे राहतात आणि दूधवाल्यापासून शाळेच्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पेला देतात. त्या बुरुजात कुणीतरी चोरून लेकरांना दूध पाजलं होतं, त्याचीही ही आठवण. एका वर्षी हिनंही आपली गादी उचलून ठेवली, आणि ती खाली झोपल्यावर मी पलंगावर कसा झोपणार? माझी कंबर पंधरवडाभर धरली होती. माझ्या कुठल्या चित्रासाठी कुणी कधी उशीसुद्धा सोडली नसेल, हाच विचार त्या थंड फरशीवर माझ्या मनात घोळत होता.

एक गोष्ट सांगायची राहिली, ती त्यांच्या बेलची. सरदारजींच्या खिशात घराची किल्ली असायची, तरी ते कधी ती लावायचे नाहीत. बेलवर बोट ठेवायचे ते दार उघडेपर्यंत काढायचे नाहीत. सगळ्या जिन्याला कळायचं की सरदारजी आले. भाभीजी पाण्याचा पितळी पेला घेऊनच दार उघडायच्या, आणि हे उंबऱ्याबाहेर उभे राहून, दाढीवर सांडत, तो पेला रिकामा करूनच आत पाऊल टाकायचे. मला हा प्रकार जरा पोरकट वाटायचा. मी माझी किल्ली लावून गुपचूप आत जातो, सभ्य माणसानं तसंच जावं, असं मी हिला कितीदा सांगितलं असेल. ही काही बोलायची नाही.

माझ्या मनात एकच इच्छा होती, आणि ती हिच्याखेरीज कुणाला माहीत नव्हती. त्या घराच्या भिंतीवर माझं एक चित्र लागावं. सरदारजींनी एकदा तरी म्हणावं की मास्तर, एक चित्र काढून द्या. मी आडून आडून सुचवलं, कागद आणि ब्रश घेऊन त्यांच्यासमोर बसलो, घोड्यांचा सरावही करून पाहिला. ते कौतुक करायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या महिन्यात नांदेडहून आणखी एक सोनेरी चित्र घेऊन यायचे.

मग भाभीजी गेल्या. थोडे दिवस अंगात ताप होता, दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या परत आल्या नाहीत. नांदेडला दिलेली त्यांची लेक येऊन राहिली, माझ्याकडे चला म्हणाली, सरदारजी गेले नाहीत. समोरची बेल वाजायची बंद झाली. त्या बेलला मी इतकी वर्षं नावं ठेवली होती, आणि आता संध्याकाळी ती वाजायच्या वेळेला माझं लक्ष पेपरातून उडायला लागलं.

काही महिन्यांनी ते आमच्याकडे आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “मास्तर, एक चित्र काढून द्याल का?” माणूस दुःखात होता आणि मला आनंद झाला होता, हे लपवायला मी चष्मा पुसत बसलो. कुणाचं पाहिजे म्हणून विचारलं. त्यांना लढाईत जखमींना पाणी पाजत फिरणारे भाईजी हवे होते. आपला, परका असं न बघता ते शत्रूच्या जखमींनाही पाणी द्यायचे. कुणीतरी गुरूंकडे तक्रार केली, तर गुरूंनी त्यांच्या हाती मलमही दिलं आणि म्हणाले, आता हेही लावत जा. ही गोष्ट मला माहीत होती. मी म्हटलं, याचं चित्र तर बाजारात मिळतं. ते म्हणाले, “भेटतंय. पर त्यात भाईजी जखमीकडं बघतेत. मला माझ्याकडं बघणारे पायजेत. पेला असा पुढं केलेला. घे म्हणून.”

मी ते चित्र जीव ओतून काढलं. खांद्यावरच्या पखालीचं ओलं कातडं, मागं धूळ, दूरवर पडलेले भाले, आणि पुढं आलेला हात. हात मी पुन्हा पुन्हा खोडला. घोड्याचा पाय चुकला तर चालेल, पण ‘घे’ म्हणणारा हात चुकून चालणार नव्हता. सरदारजींनी चित्र बराच वेळ पाहिलं. वाहवा नाही, काही नाही. “झालं,” एवढंच म्हणाले आणि ते छातीशी धरून घेऊन गेले. मी मनातल्या मनात जागा ठरवून टाकली होती. हॉलची मोठी भिंत, बाबाजींच्या शेजारी, दिव्यांची माळ नको, साधी लाकडी चौकट पुरे. आठवड्यानं आम्ही चहाला गेलो. हॉलची भिंत होती तशीच होती. माझं चित्र मला परत निघताना दिसलं. दारातून आत शिरल्यावर जी अंधारी बोळकंडी आहे, तिच्या टोकाला, चपलांच्या रॅकच्या वर, विजेच्या मीटरशेजारी. येणारा माणूस तिथं वाकून चपला काढतो, वर बघतच नाही.

मला राग आला, आणि रागापेक्षा जास्त रडू आलं. चपलांच्या वर! मागचे पाय चुकलेला घोडा हॉलमध्ये, आणि मी मीटरशेजारी! मी जाणं बंद केलं. ते दोनदा बोलवायला आले, दोन्ही वेळा मी हिला सांगायला लावलं की झोपलेत. ही म्हणाली, “कामून असं करता? विचारा ना त्यांना एकदा.” पण विचारण्यासाठी आधी लागलंय हे कबूल करावं लागतं, आणि ते मला लिफ्टमध्येही जमलं नव्हतं.

परवा संध्याकाळी भाजी घेऊन येताना लिफ्टमध्ये नेमके तेच भेटले. दोघंही त्या स्टिकरकडे बघत वर आलो. लिफ्टमधून बाहेर पडल्यावर मी माझी किल्ली काढली आणि पाठ फिरवली. मागं त्यांच्या किल्ल्यांचा आवाज झाला, पण कुलूप उघडल्याचा आवाज येईना. मी वळून पाहिलं. एवढा मोठा माणूस हातात किल्ली घेऊन स्वतःच्या दारासमोर नुसता उभा होता. “मास्तर,” माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “जरा थांबता का? दार उघडेपर्यंत.”

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी दार ढकललं. आत अंधार होता, आणि जिन्यातल्या दिव्याचा पट्टा बोळकंडीतून सरळ त्या भिंतीवर जाऊन पडला. मी आजवर त्या घरात गेलो होतो ते दार आधीच कुणीतरी उघडलेलं असताना, दिवे लागलेले असताना, वाकून चपला काढत. उंबऱ्याबाहेर उभं राहून आत कधी पाहिलंच नव्हतं. तिथून तो हात सरळ समोर येत होता. पेला पुढं केलेला. घे म्हणून. सरदारजी उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबले, घोट गिळल्यासारखा त्यांचा गळा हलला, आणि मग त्यांनी आत पाऊल टाकलं.

“हॉलचं मला कायबी भेव नाय, मास्तर,” दिवा लावत ते म्हणाले. “सुई, पाल, समदं जमलं आता. पर ह्या दाराचं लई भेव वाटतंय.”

भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग मी मनातलं सांगूनच टाकलं. म्हटलं, सरदारजी, मी इतकी वर्षं तुमचा हेवा करत आलो. तुमच्या भिंतींचा, तुमच्याकडे येणाऱ्या माणसांचा, तुम्हाला मोठ्यानं घाबरता येतं त्याचासुद्धा.

ते हसले, आणि त्या हसण्यात जुना आवाज थोडासा होता. “अन् मी तुमच्यावर किती जळतो, ठाव हाय का? तुमच्या घरात माणूस हाय, मास्तर. अन् तुम्ही किल्ली लावता चोरावानी.”

मी समोर माझ्या दाराकडे गेलो. किल्ली हातातच होती, ती खिशात टाकली. बेलवर बोट ठेवलं आणि काढलं नाही. आतून ‘आले, आले, काय झालं?’ असं करत ही धावत आली. “किल्ली हरवली का?” म्हणाली. मी नाही म्हटलं आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहून पाणी मागितलं. ती आत गेली आणि पेला घेऊन आली. मी पीत असताना पाठीमागं सरदारजींचं दार अजून उघडंच होतं. माझं पाणी पिऊन झाल्यावर ते हळूच लागलं.